सात किलोमीटरची गोळी आणि आपली पन्नास मीटरची रेंज

अमेरिकेतला एक जुना व्हिडिओ पुन्हा सगळीकडे फिरतोय. २०२२ साली वायोमिंगमध्ये एका टीमने ४.४ मैलांवरचं, म्हणजे सात किलोमीटरहून लांबचं टार्गेट रायफलने टिपलं. बऱ्याच जणांनी विचारलं, "आपल्या कोल्हापुरात हे का नाही?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओत पटकन लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे ती गोळी ६९ वी होती. आधीच्या ६८ हुकल्या! गोळी हवेत जवळपास २४ सेकंद होती. मग हे नुसतं नशीब का? तसंही नाही.

याच प्रकारची 'किंग ऑफ टू माइल्स' ही स्पर्धा न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला भरायची. टार्गेट लांब लांब जात दोन मैलांपर्यंत, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास पोचतं. गोळ्या मोजक्याच, आणि पहिल्याच गोळीत लागलं तर गुण जास्त. नेमबाजाशेजारी वारा वाचणारा साथीदार बसतो. तापमान, हवेचा दाब, अगदी पृथ्वीचं फिरणंसुद्धा हिशोबात धरावं लागतं. गणित, संयम, एकमेकांवरचा विश्वास हे सगळं यात आहे. हा फायदा मी नाकारत नाही.

पण खर्च बघा. रायफल आणि दुर्बीण मिळून लाखोंचा मामला. एकेक काडतूस शेकड्यात. बॅरल हजारभर गोळ्यांत, कधी त्याआधीच झिजतं. वर मैलोन्‌मैल निर्मनुष्य जमीन आणि मागे डोंगर हवा. आपल्याकडे कुठल्या माळावर गुराखी नाही, सांगा? शिवाय हे कौशल्य युद्धाला फार जवळचं. २०२३ मध्ये युक्रेनच्या स्नायपरने ३.८ किलोमीटरवरून माणूस टिपल्याचा दावा झाला, तोही आपण 'विक्रम' म्हणूनच वाचला.

माझं स्पष्ट मत: अंतर हे मोठेपणाचं माप नाही. ५० मीटर रायफलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने याच अंतरावर ऑलिंपिक कांस्य जिंकलं. आपली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर विश्वविजेती झाली.

हा खेळही स्वस्त नाही बरं का. एका सामन्यात ६० गोळ्या, सराव वेगळाच. चांगल्या गोळ्या परदेशातून येतात. मध्यमवर्गीय घरातलं पोर दहा मीटरच्या एअर रायफलवर चमकतं, पण ५० मीटरवर यायची वेळ आली की आईबाप गोळ्यांचा हिशोब करतात आणि तिथेच थांबतात. किती पोरं अशी गळाली, याची कुठे नोंदही होत नाही.

पदक आलं की मिरवणूक, फ्लेक्स, लाखांची बक्षिसं. व्हायलाच हवीत. पण त्यातला थोडा वाटा पदकाआधी द्या ना! साखर कारखाने, बँका, दूध संघ, तालमी, मंडळं यांनी मिळून होतकरू मुलांसाठी गोळ्यांचा निधी काढावा. हार-तुऱ्यांऐवजी काडतुसांची पेटी. मैलांच्या गोळीचं कौतुक जरूर करा, पण आपल्या पोराची पन्नास मीटरची गोळी पैशाअभावी अडू देऊ नका.

पटतंय का? तुमच्या गावात सुरुवात कोण करू शकेल, खाली लिहा.