जुन्या मोटारसायकलीचे मोल आणि क्रमांकाचा मान

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस वाहनांच्या पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढविले. दुचाकीसाठी ०००१ हा क्रमांक पूर्वी पन्नास हजार रुपयांना मिळत असे. तो आता एक लाखाला मिळतो. ०००९, ०७८६, ९९९९ अशा क्रमांकांसाठी दुचाकीला वीस हजारांऐवजी पन्नास हजार मोजावे लागतात. एकाच क्रमांकावर दोघातिघांनी हक्क सांगितला, तर जो शुल्कापेक्षा अधिक रक्कम देऊ करील त्याला तो क्रमांक मिळतो. या वाढीविरुद्ध कोठे मोर्चा निघाला नाही. जी वस्तू घेण्याची कोणावर सक्ती नाही, ती महागली म्हणून सामान्य माणूस हळहळत नाही. तरीही चार आकड्यांसाठी दुचाकीच्या किमतीहून अधिक पैसा का मोजला जातो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आहे तो जुन्या मोटारसायकलींचा. कालपर्यंत भंगारात जाणारी राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० आज लाखाच्या घरात का विकली जाते?

वरकरणी ही दोन्ही एकाच हौसेची रूपे वाटतात. जुनी बुलेट आणि तिच्यावर मानाचा क्रमांक, अशी जोडी मिरवणारेही पुष्कळ आहेत. परंतु या दोन किमतींचा उगम भिन्न आहे, आणि शासनाने दोहोंकडे एकाच नजरेने पाहिले तर अन्याय होतो. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या परिसरात तो अन्याय अधिक स्पष्ट दिसतो.

टंचाईचे दोन अवतार

आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटणार नाही, पण एके काळी आपल्या देशात वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरपेक्षा महाग असे. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होती, किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षे वाट पाहणारे शिक्षक आणि कारकून घरोघर होते. ज्याचा नंबर लागे, त्याला गाडी दुकानातून बाहेर काढताच 'ऑन' देणारा गिऱ्हाईक भेटे. क्रमांकाचे वेड तेव्हाही होते म्हणायचे. मात्र तो क्रमांक गाडीच्या पाटीवरचा नव्हता, प्रतीक्षायादीतला होता.

ती टंचाई वस्तूची होती आणि धोरणाने निर्माण केलेली होती. धोरण बदलताच ती संपली. आज दुकानात जाऊन त्याच दिवशी गाडी घेता येते. जी वस्तू कोणालाही मिळते ती मिरवता येत नाही, म्हणून मिरवण्याची भूक दुसरीकडे वळली. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. फ्रेड हर्श याने १९७६ साली असे दाखविले की काही वस्तूंचे सुख त्या इतरांजवळ नसण्यातच असते, आणि राष्ट्र कितीही श्रीमंत झाले तरी अशा वस्तू सर्वांना पुरविता येत नाहीत. ०००१ हा क्रमांक त्याचे शुद्ध उदाहरण होय. प्रत्येक मालिकेत तो एकच असतो.

क्रमांकाची किंमत : केवळ शिक्क्याची

क्रमांकाचे आकर्षण नाना प्रकारचे असते. कोणाला जन्मतारीख हवी असते, कोणाला बेरीज नऊ हवी असते, कोणाला वडिलांच्या पहिल्या गाडीचा क्रमांक नव्या गाडीवर हवा असतो. ४१४१ मधून 'दादा' आणि २१४ मधून 'राम' वाचणारे, आणि नियम धाब्यावर बसवून तशी पाटी रंगविणारेही आहेत. वडिलांच्या आठवणीपोटी क्रमांक जपणाऱ्याला कोणी हसू नये. परंतु त्या चार आकड्यांमुळे गाडी अधिक धावत नाही, अधिक टिकत नाही, पेट्रोल कमी पीत नाही. क्रमांक घडविण्यासाठी कोणी घाम गाळलेला नसतो. त्याची किंमत ही रिकार्डोच्या अर्थाने निव्वळ खंड आहे. जमिनीच्या मोक्याच्या तुकड्याला मिळतो तसा.

चंदीगडमध्ये २०२२ साली ०००१ हा क्रमांक १५ लाख ४४ हजार रुपयांना गेला, आणि तो घेणाऱ्याने प्रथम लावला तो सुमारे ७१ हजारांच्या स्कूटरला. क्रमांक वाहनाच्या एकवीस पटींहून महाग! हिमाचल प्रदेशात २०२३ च्या फेब्रुवारीत एका दुचाकीच्या क्रमांकासाठी १ कोटी १२ लाखांची बोली लागली, आणि हरियाणात नोव्हेंबर २०२५ मध्ये ८८८८ साठी १ कोटी १७ लाखांची. या दोन्ही ठिकाणी बोली लावणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. बोलीच्या आकड्याने वर्तमानपत्रात नाव होते, मग भरण्याची गरज काय, असा हा व्यवहार. अनामत रक्कम तुटपुंजी असली की लिलावाचा तमाशा होतो, हा त्यातला धडा.

परदेशातही हा बाजार आहे. ब्रिटनमध्ये शासन १९८९ पासून असे क्रमांक विकते. '२५ ओ' हा क्रमांक २०१४ साली ५ लाख १८ हजार पौंडांना विकला गेला. दुबईत २०२३ साली 'पी ७' साठी साडेपाच कोटी दिरहम मोजले गेले, पण ते अन्नदानाच्या मोहिमेसाठी. हाँगकाँगमध्ये १९७३ पासून या लिलावाचे उत्पन्न समाजकल्याणाच्या निधीत जाते. श्रीमंतांची हौस रोखता येत नसेल तर तिच्यावर लोकहिताची मोहोर तरी उमटवावी, हा तेथील विचार आपण घेण्यासारखा आहे.

जुन्या गाडीची किंमत : कारागिराच्या हाताची

जुन्या मोटारसायकलीची गोष्ट वेगळी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडत राहिल्या. १९९६ साली तो बंद झाला. एस्कॉर्ट्सची राजदूत खेड्यापाड्यांतील दूधवाल्यांनी आणि ग्रामसेवकांनी वापरली. १९८५ साली आलेली आरएक्स १०० ही धुराचे नियम कडक होताच १९९६ मध्ये थांबली. या गाड्यांचा साठा आता वाढणार नाही, घटणारच आहे. ज्या पिढीने त्या तारुण्यात केवळ दुरून पाहिल्या, तिच्या हाती आज पैसा आला आहे. पुरवठा गोठलेला आणि मागणी चढती, म्हणून किंमत वाढणारच. जावा हे नाव २०१८ साली नव्या गाड्यांवर पुन्हा आले; तरी जुन्या जावाची किंमत त्यामुळे उतरली नाही.

मात्र 'जुनी गाडी ही सोन्यासारखी गुंतवणूक' असे जे बोलले जाते, त्याचा हिशेब करून पाहावा. समजा, १९८५ साली एखाद्याने पंधरा हजार रुपये गाडीत न घालता द.सा.द.शे. आठ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर चाळीस वर्षांत त्याचे सव्वातीन लाखांच्या वर झाले असते. गाडी जपणाऱ्याला या चाळीस वर्षांत टायर, गॅस्केट, कार्ब्युरेटर, रंगकाम यांवर पदरचे पैसे घालावे लागले, ते निराळेच. म्हणजे दीड-दोन लाखांना विकलेली जुनी गाडी हा नफा नसून बहुधा तोटा असतो. विकणाऱ्याने मधल्या काळात तिच्यावर बसून आयुष्य काढले, हाच खरा नफा.

आणि ती गाडी चालू स्थितीत उरली ती कोणामुळे? मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग हुडकणाऱ्या, न मिळाल्यास लेथवर ते घडविणाऱ्या मिस्त्र्यांमुळे. जुन्या मोटारसायकलीच्या किमतीत या श्रमाचा मोठा वाटा आहे. येथे पैसा मोजला जातो तेव्हा कोठल्या तरी गॅरेजात चूल पेटते. क्रमांकाच्या पैशाने तसे काही होत नाही.

तोरणमाळच्या घाटात

सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ हे राज्यातील उंच थंड हवेच्या ठिकाणांपैकी एक. शहाद्याहून सात पायरीच्या वळणांनी वर जाणाऱ्या रस्त्याने पावसाळ्यात हौशी प्रवासी चकचकीत केलेल्या जुन्या मोटारसायकली घेऊन यशवंत तलावापर्यंत जातात. त्याच रस्त्याने अक्राणी तालुक्यातील शेतकरीही वीस-पंचवीस वर्षांची मोटारसायकल घेऊन बाजाराला उतरतो. हा जिल्हाच १ जुलै १९९८ ला जन्मला, त्यामुळे कित्येक जुन्या गाड्यांवर नंदुरबारचा एमएच ३९ नसून धुळ्याचा एमएच १८ दिसतो. या शेतकऱ्याची गाडी जुनी आहे ती हौसेने नव्हे, नवी परवडत नाही म्हणून. एस.टी. जेथे दिवसातून एकदोनदा येते आणि काही पाड्यांवरून आजारी माणसाला अजून बांबूच्या झोळीतून न्यावे लागते, तेथे मोटारसायकल हीच बस, हीच मालगाडी आणि प्रसंगी हीच रुग्णवाहिका असते.

आता कायदा या दोघांकडे कसा पाहतो ते पाहा. केंद्र शासनाच्या जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना 'विंटेज' दर्जा दिला. प्रथम नोंदणी वीस हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी; पुढील नोंदणी पाच हजारांत. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांकही ठेवता येतो. उलट, साध्या मोटारसायकलीने वीस वर्षे ओलांडली की पाच वर्षांच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार रुपये झाले आहे. सुरुवातीचे वीस हजार सोडले, तर संग्राहकाच्या ठेव्यावर पुढील नोंदणीचे पाच हजार रुपये पडतात आणि डोंगरातील शेतकऱ्याच्या गरजेवर वर्षाला चारशे. राज्याचा पर्यावरण कर आणि परिवहन कार्यालयात जाण्यायेण्यात बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही. शेतकऱ्याने नोंदणीच टाळली, तर विमाही उरत नाही, आणि घाटात अपघात झाला की कुटुंब उघड्यावर येते.

यावर असे म्हटले जाईल की जुनी गाडी धूर ओकते, तिचे ब्रेक धोक्याचे असतात, म्हणून शुल्क वाढविणे योग्यच. धूर आणि ब्रेक यांची काळजी रास्त आहे. पण मग तपासणी कसोशीने करावी. शुल्क वाढविल्याने धूर कमी होत नाही. चांगली राखलेली वीस वर्षांची गाडी आणि हेळसांड झालेली दहा वर्षांची गाडी यांतील फरक वयावरून कळत नाही, तो यंत्राने आणि जाणत्या डोळ्यांनी कळतो.

काय करावे

तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मते तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पसंतीच्या क्रमांकावर शासनाने निःसंकोच भरपूर शुल्क घ्यावे. खंडावरचा कर उत्पादन घटवीत नाही, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. मात्र बोलीबरोबर भरीव अनामत घ्यावी, पैसे न भरल्यास ती जप्त करावी आणि निकाल जाहीर करावा. दुसरी, हे उत्पन्न सर्वसाधारण तिजोरीत विरून न जाता त्याचा ठराविक हिस्सा डोंगराळ तालुक्यांतील रस्त्यांसाठी राखून ठेवावा. असे राखीव निधी अर्थमंत्र्यांना रुचत नाहीत, कारण ते अंदाजपत्रकाचे हात बांधतात. परंतु एरवी बांधलेच न जाणाऱ्या रस्त्यांसाठी थोडे हात बांधून घ्यायला हरकत नसावी. तिसरी, अक्राणीसारख्या तालुक्यांत जुन्या दुचाकीची पुनर्नोंदणी अल्प शुल्कात, तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवून आणि खऱ्या तपासणीनंतर व्हावी. दुरुस्तीची विद्या जाणणाऱ्या मिस्त्र्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकविण्याची संधीही द्यावी.

हौस वाईट नाही. माणूस केवळ गरजेवर जगत नाही, आणि जुन्या यंत्रावर प्रेम करणारा समाज वस्तू फेकून देणाऱ्या समाजापेक्षा शहाणाच म्हणायचा. प्रश्न इतकाच आहे की मानाच्या आकड्यासाठी स्वेच्छेने लाख मोजणारा आणि पोटासाठी जुनी गाडी दामटणारा, यांच्यापैकी कोणाकडून किती घ्यायचे हे शासनाने विचारपूर्वक ठरवावे. सक्तीची नवी क्रमांकपाटी दोघांच्याही गाडीला एकच, करांपूर्वी साडेचारशे रुपयांची बसते. त्यापलीकडचा भार मात्र दोघांच्या खांद्यांची ताकद पाहून टाकला पाहिजे.