विजेत्याकडून काय घ्यावे?

कचेरीला जाण्यापूर्वी तासभर टेनिस खेळून येणारी मंडळी आता आपल्या शहरांतून बरीच दिसू लागली आहेत. वकील, डॉक्टर, शिक्षिका, सेवानिवृत्त अधिकारी असे नाना व्यवसायांचे स्त्री-पुरुष त्यांत असतात. यांपैकी बहुतेकांना शिक्षक लाभलेला नसतो; दूरचित्रवाणीवर दिसणारा जगज्जेता हाच त्यांचा गुरू. गुरू उत्तम आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्यापासून घ्यावयाचे काय? हौशी खेळाडू बहुधा त्याचा फटका पाहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच मारावयास जातो. फटका साधत नाही, कोपर मात्र दुखू लागते. आणि ज्या खेळाने उतारवयापर्यंत सोबत करावयाची, तो चाळिशीतच सुटतो. ही हानी लहान नव्हे.

काशीला गंगेच्या तीरावर अमृतराव घाट आहे. आज त्याला राजा घाट या नावाने ओळखतात. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावांचे वडील बंधू अमृतराव पेशवे हे १८०३ मध्ये इंग्रजांशी करार झाल्यावर उत्तरेत जाऊन राहिले. त्यांनी हा घाट दगडी बांधला. नावेतून पाहणाऱ्याच्या नजरेत भरतात त्या वरच्या पायऱ्या आणि इमारती. परंतु दर पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या बुडवते आणि पुन्हा उतरते. त्या माऱ्यातून घाट वाचतो तो पाण्याखाली राहणाऱ्या पायामुळे. तो पाया यात्रेकरूला दिसत नाही.

खेळाचेही असेच असते, आणि ही गोष्ट पेशव्यांच्या घराला ठाऊक होती. अमृतरावांच्या या धाकट्या भावाच्या, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांच्या, पदरी बाळंभटदादा देवधर हे नामांकित मल्लविद्यागुरू होते. मल्लखांबाच्या विद्येला त्यांनी नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. आज मल्लखांब स्वतंत्र खेळ म्हणून मिरवतो. पण मुळात ती मल्लाची तयारी होती. जमलेले लोक पाहत ती कुस्ती. पकड, कणा आणि मांड्या घडत त्या आखाड्यातल्या गुळगुळीत लाकडी खांबावर, प्रेक्षकांवाचून. हौशी टेनिसपटूने हा दृष्टांत ध्यानात ठेवावा. विजेत्याचा फटका पाहून डोळे सुखवावेत, पण उचलावे ते फटक्याच्या मागचे.

त्यात पहिली गोष्ट पायांची. नंदू नाटेकर हे नाव मराठी वाचकांना नव्याने सांगावयास नको. सांगलीला १९३३ मध्ये जन्मलेले नाटेकर प्रथम टेनिस खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून ते हरले आणि पुढे बॅडमिंटनकडे वळले. ज्यांच्याकडून हरले ते कृष्णन १९६० आणि १९६१ या दोन्ही वर्षी विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. आणि हरलेले नाटेकर १९५६ मध्ये परदेशातील बॅडमिंटन स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. नाटेकर आणि कृष्णन, दोघांचीही कीर्ती बळापेक्षा लाघवाची. ज्याचे पाय वेळेवर पोहोचतात त्याला हाताने जोर करावा लागत नाही, हे दोघांच्याही खेळाचे मर्म होते.

हे कसे साधावे? पुढल्या खेपेस सामना पाहताना चेंडूकडे न पाहता एकाच खेळाडूच्या पायांकडे पाच मिनिटे पाहावे. प्रतिस्पर्धी चेंडू मारण्याच्या क्षणी तो जागच्या जागी एक लहानशी उडी घेतो, म्हणजे दोन्ही पाय सुटे होतात आणि कोणत्याही दिशेस निघणे सोपे जाते. चेंडूजवळ गेल्यावर तो लांब ढांगा टाकत नाही. बारीक पावलांनी आपले अंतर नीट जुळवून घेतो. यासाठी विशीचे तारुण्य लागत नाही, लक्ष लागते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. टेनिसचे जाळे दोन्ही खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्ये तीनच फूट उंच असते. मैदानाची लांबी ७८ फूट; पण एकेरीच्या मैदानात कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजले तर ती साडेब्याऐंशी फूट भरते. म्हणजे तिरपा मारलेला चेंडू सहा इंच कमी उंचीच्या जाळ्यावरून जातो आणि त्याला पडावयास साडेचार फूट अधिक जागा मिळते. निष्णात खेळाडू एकामागून एक तिरपे फटके खेळत राहतो ते याच हिशोबाने. योग्य संधी आल्यावरच तो सरळ रेषेत मारतो. हौशी खेळाडूच्या स्मरणात तो एक सरळ फटका राहतो, आणि त्याच्या आधीचे दहा तिरपे फटके विसरले जातात.

तिसरी गोष्ट गमावलेल्या गुणाची. रॉजर फेडरर याने आपल्या कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळून त्यांपैकी १२५१ जिंकले. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात त्याने तरुणांना एक प्रश्न विचारला. एवढे सामने जिंकताना त्याने एकूण गुणांपैकी किती जिंकले असावेत? त्याचे उत्तर होते, शेकडा ५४. म्हणजे शंभरातले ४६ गुण या थोर खेळाडूनेही गमावले. त्याच्या सांगण्याचा भावार्थ असा, की जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण हातून जाणारच असेल तर गेलेल्या गुणाचा शोक करीत बसू नये. खेळताना तो गुणच सर्वस्व मानावा आणि संपताच मागे टाकावा. व्यावसायिक सामन्यांत दोन गुणांमध्ये २५ सेकंदांचा अवधी मिळतो. विजेता त्या अवधीत पाठ फिरवतो, श्वास सावरतो आणि पुढच्या फटक्याचे ठरवून परततो. आपल्याकडे मात्र एक चेंडू जाळ्यात गेला की जोडीदारावर डोळे वटारले जातात आणि पुढचे तीन गुणही हातचे जातात. जोडीदार घरचाच असेल तर त्याचे पडसाद न्याहारीपर्यंत उमटतात!

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शरीराची. २०२४ च्या जानेवारीत कूर्गच्या रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद पटकावले. त्या वेळी त्याचे वय ४३ वर्षांचे होते, आणि दुहेरीच्या क्रमवारीत तो जगात प्रथमस्थानी पोहोचला. त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेली होती. अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाने आपल्याला पुन्हा उभे केले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. या पद्धतीचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले, तेथेच त्यांचे आयुष्य गेले, आणि १९७५ मध्ये पुण्यातच त्यांची संस्था उभी राहिली. पट्टा, लाकडी वीट, लोड अशा साध्या साधनांच्या आधाराने ताठर शरीरालाही आसन साधावे, ही त्यांची दृष्टी. बोपण्णाची सर्व्हिस जगाने पाहिली. सतरंजीवरचा त्याचा सराव किती जणांनी पाहिला? मल्लाचा खांब आणि बोपण्णाची सतरंजी यांचे काम एकच.

या उदाहरणात आणखी एक बोध आहे. एकेरीचे मैदान २७ फूट रुंद, तर दुहेरीचे ३६ फूट; ते दोघांत वाटले की वाट्यास १८ फूट येतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी दुहेरी खेळावी, यात कमीपणा मानू नये. त्याचप्रमाणे विजेता वापरतो म्हणून पॉलिएस्टरची कडक तार आपल्या रॅकेटला बसवून घेऊ नये. त्या तारेचा हादरा सोसण्यासाठी त्याचा दंड वर्षानुवर्षे घडलेला असतो. आपल्या कोपराला मऊ तारच बरी. दुखणे उद्‌भवलेच तर खेळ थांबवून वैद्याचा सल्ला घ्यावा; सहन करण्यात शौर्य नाही.

तेव्हा येत्या आठवड्यापुरता एवढाच नेम करून पाहावा. मैदानात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे चालून आणि सांधे हलवून अंग मोकळे करावे. पहिली वीस मिनिटे तिरप्या फटक्यांखेरीज दुसरा फटका मारू नये. प्रत्येक गुणानंतर जाळ्याकडे पाठ करून एक दीर्घ श्वास घ्यावा, आणि मगच जोडीदाराकडे वळावे. घरी आल्यावर रॅकेट कोपऱ्यात ठेवण्याआधी मांड्या, पोटऱ्या आणि खांदे हळूहळू ताणावेत. याने कोणी विंबल्डनला जाणार नाही. परंतु साठीतही सकाळी बूट बांधून बाहेर पडता येईल, आणि हौशी खेळाडूला याहून मोठे पारितोषिक ते कोणते?