हप्ता म्हणजे आठवडासुद्धा

हप्ता हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ सात दिवसांचा आठवडा. हिंदीत तो अर्थ आजही टिकून आहे. मराठीने मात्र या शब्दाला कर्जाच्या दारात नेऊन उभं केलं: घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि गल्लीतल्या दादाचा तो तिसरा हप्ता. कर्ज फेडणाऱ्या माणसाच्या डोक्यात आता एवढाच अर्थ उरला आहे. पगार जमा झाला की ईएमआय जातो, कार्डाचं बिल जातं, पतसंस्थेची कपात तर पगार हातात येण्याआधीच झालेली असते. मग जे काही उरेल त्यात महिना ढकलायचा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. कर्ज फेडायचं ठरलं की सगळ्यात आधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा आठवड्याचा हातखर्च ठरवावा. तो छोटा असावा, पण शून्य नसावा. आणि तो उरल्यासुरल्यातून न देता हप्त्याच्याही आधी बाजूला काढावा.

यावरचा पहिला आक्षेप गणिताचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. समजा, क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत. आपल्याकडे अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पहिल्याच महिन्याचं व्याज २,८०० रुपये. (व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मी सोयीसाठी सोडून देतो; बँक सोडत नाही.) हातखर्च शून्य ठेवून दरमहा ६,००० रुपये भरले तर एकोणिसाव्या महिन्यात कर्ज संपतं. महिन्याला हजार रुपये, म्हणजे आठवड्याला साधारण २३०, हातखर्चाला ठेवून ५,००० भरले तर २४ महिने लागतात आणि एकूण जवळजवळ दहा हजार रुपये जास्त जातात. एवढं ऐकल्यावर कोणीही हातखर्चावर फुली मारेल. पण या हिशोबात ६,००० भरणारा माणूस दीड वर्षात एकदाही कार्ड बाहेर काढत नाही असं धरलेलं आहे. खिसा रिकामा असला की कार्ड बाहेर निघतंच, आणि ते काही चैनीसाठी निघतं असं नाही. मयतीला जायचं एसटीचं तिकीट, ऑफिसातल्या वर्गणीचे दोनशे, पावसात तुटलेली चप्पल. थकबाकी असलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून मीटर पडतं. असे महिन्याला १,५०० रुपये कार्डावर पुन्हा चढत राहिले, तर खरी फेड ४,५०० रुपयांचीच होते आणि कर्ज संपायला एकोणतिसावा महिना उजाडतो. दीड वर्षाचं कडक व्रत करूनही आपण हातखर्च घेणाऱ्याच्या पाच महिने मागेच. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की हात पूर्ण बांधून घेतलेला माणूस महिन्याला हजार रुपयांपेक्षा जास्त घसरतो की नाही. जो घसरत नाही त्याने खुशाल शून्यावर राहावं. हा लेख त्याच्यासाठी नाही.

फेडणाऱ्याच्या हातात काहीतरी राहायला हवं, ही गोष्ट कायद्याला फार पूर्वी कळलेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे, कर्ज थकलं आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून पगारावर जप्ती आली, तरी पोटगीचं प्रकरण सोडल्यास पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांना हात लावता येत नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगारातल्या एकूण कपातीला निम्म्याची मर्यादा घातली होती. सहकारी संस्थेची वसुली त्यात असेल तर ती मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत जात असे. पगारदारांच्या पतसंस्था जागोजागी असलेल्या महाराष्ट्रात तो पाव पगार कसा दिसतो हे पगारपत्रक पाहणाऱ्यांना सांगायला नको. २०१९ च्या वेतन संहितेत ही मर्यादा सरसकट निम्म्यावर आली. कोणी म्हणेल, कायदा पोटापुरतं राखून ठेवतो, चहापुरतं नाही. खरं आहे, पण राखून ठेवलेले पैसे कशावर उडवले हे कायदा विचारतही नाही. ज्याने कर्ज थकवलं त्याच्या हातात सरकार काही ठेवतं आणि जो नेमाने फेडतो तो मात्र स्वतःच्या हातात काहीच ठेवत नाही, हा उफराटा न्याय झाला.

आता आठवडाच का? कारण महिना हा पगार देणाऱ्याच्या सोयीचा काळ आहे, खर्च करणाऱ्याच्या नाही. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाची लांबलचक चिकित्सा केली आणि पगार महिन्यापेक्षा कमी अंतराने मिळावा असंही सुचवलं. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, असं व्याज तेव्हा सर्रास घेतलं जाई. पगार महिन्याचा, तोही महिना उलटून काही दिवसांनी. मधले दिवस वाण्याच्या वहीवर. आज वहीची जागा कार्डाने घेतली एवढंच. गावाकडे भाजी-मिरचीचा खर्च आठवडी बाजाराच्या तालावर चालतो. छोटी कर्जं देणाऱ्या अनेक मायक्रोफायनान्स कंपन्या बायकांच्या गटांकडून वसुली आठवड्याला किंवा पंधरवड्याला करत आल्या, तेही उगाच नव्हे. हातात आलेला पैसा किती दिवस टिकतो हे कर्ज देणाऱ्याला नीट माहीत असतं. फेडणाऱ्यानेही तेच माप घ्यायला हरकत नसावी. महिन्याचे हजार रुपये बारा तारखेला संपले तर पुढचे अठरा दिवस कोरडे जातात, आणि कार्ड नेमकं तेव्हा बाहेर येतं. आठवड्याचे २३० गुरुवारी संपले तर रविवार लांब नसतो. चूक होतेच, पण ती तीन दिवसांची होते. मात्र आठवड्याला चाराने गुणून महिना काढू नये. वर्षात आठवडे बावन्न, अठ्ठेचाळीस नव्हेत. पाच रविवारांचा महिना आला की चाराने गुणणाऱ्यांची योजना कोलमडते. घरभाडं, वीजबिल, जूनमधली वह्या-पुस्तकं, दिवाळी हे सगळं या हिशोबाच्या बाहेर, महिन्याच्या किंवा वर्षाच्या खात्यात राहायला हवं. औषधांसाठीही थोडी वेगळी शिल्लक हवी. हातखर्चातून औषध आणावं लागलं तर त्याला हातखर्च म्हणण्यात अर्थ नाही.

प्रत्येक मोठ्या माणसाचा असं वर म्हटलं, त्यावर थोडं थांबायला हवं. कर्जाच्या काळात नवऱ्याचा चहा-तंबाखू, पेट्रोल, मित्रांबरोबरचा वडापाव हा 'बाहेरचा खर्च' म्हणून आपोआप मान्य होतो. घर चालवणाऱ्या बाईच्या हातात मात्र पूर्ण घरखर्च असतो आणि त्यात तिचा स्वतःचा म्हणून एक रुपया नसतो. तिला काही हवं असेल तर ते किराण्यातून वाचवावं लागतं, म्हणजे काटकसर तिने करायची आणि त्यातूनच लपवाछपवीही तिनेच. दोघांना सारखी रक्कम, आणि त्या पैशांचा हिशोब कोणी कोणाला मागायचा नाही, ही अट मला रकमेच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. भिशी असेल तर तीही यातूनच. पैसे रोख द्यावेत की मोबाइलवर, हा मुद्दा दुय्यम आहे. यूपीआय लाइटमध्ये आठवड्याची रक्कम भरून ठेवली आणि आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवली, तर ते पाकिटासारखंच चालतं. नोटा मोजून दिल्या तरी चालतं, आणि नोटा संपताना दिसतात.

राहिला सगळ्यात कठीण आक्षेप: ज्यांचे हप्तेच मिळकतीला पुरून उरतात त्यांनी २३० रुपये आणायचे कुठून? त्यांच्याबाबतीत हातखर्चाची शिस्त हा उपाय नाही, हे मान्य करायला हवं. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे महिना २५,००० मिळवणाऱ्या घराला १२,५०० ही कमाल मर्यादा. तिच्या पलीकडे गेलेल्या घराने चहा सोडून काही होत नाही. त्याला मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्यासाठी कर्ज देणाऱ्याकडेच जावं लागतं. पण तिथे जाताना भाडं, किराणा, शाळा आणि आठवड्याचा हातखर्च आधी लिहून, त्याखाली उरलेली रक्कम मांडलेला कागद बरोबर असला, तर टेबलापलीकडच्या माणसाने 'किती भरू शकाल?' असं विचारल्यावर घाबरून तोंडाला येईल तो आकडा सांगावा लागत नाही.