मुडद्यांना मीठ द्या

मागच्या महिन्यात बस्तीत सभा होती. मी रातपाळी करून तसाच आलो होतो. केसांत कापूस, कानात साच्यांचा खडखडाट. बोलणारा आपलाच दोस्त, चार पुस्तकं वाचलेला. मोर्चाला माणसं आली नाहीत म्हणून तो पेटला होता. म्हणाला, "ही माणसं नाहीत, झोंबी आहेत झोंबी! पोटामागं चालणारे मुडदे!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मी डुलक्या खात होतो. त्या टाळ्यांनी जागा झालो.

दोस्ता, झोंबी कोण असतो ते तुला ठाऊक आहे काय?

तू पाहिलास तो सिनेमातला. पहिला झोंबी हैतीचा. तिथं फ्रेंचांचे उसाचे मळे होते. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं त्यात मरेस्तोवर राबायची. मेलो की आपल्या मुलखात, गिनीला परत जाऊ, एवढीच आशा. आणि भीतीही एकच: मेल्यावरसुद्धा सुटका झाली नाही तर? कुणी करणी करून प्रेत उठवलं आणि परत कामाला जुंपलं तर? त्या प्रेताचं नाव झोंबी. हैतीतला गरीब माणूस झोंबीला तेवढा भीत नाही, जेवढा आपलाच झोंबी होईल याला भितो. आणि हीच माणसं १७९१ साली उठली. १ जानेवारी १८०४ ला त्यांनी आपला देश स्वतंत्र जाहीर केला.

पुढं १९१५ ते १९३४ अमेरिकेचं लष्कर हैतीत ठाण मांडून होतं. त्याच काळात, १९३२ साली, 'व्हाइट झोंबी' हा सिनेमा निघाला. मला तो मोबाइलवर फुकट मिळाला. त्यात साखरेची गिरणी आहे. मुडदे चरक फिरवताहेत. एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो. कुणी थांबत नाही, चरक कुरकुरत फिरतच राहतो. मालक पाहुण्याला सांगतो की हे लोक कामाच्या तासांची तक्रार करत नाहीत. तिथं मी सिनेमा थांबवला. हा मालक मला ओळखीचा वाटला. पण सिनेमाला रडू कधी फुटतं? गोरी पोरगी झोंबी होते तेव्हा. यंत्रात पडला त्याला साधं नावसुद्धा नाही.

मग जॉर्ज रोमेरो आला. १९६८ साली पिट्सबर्गकडं त्यानं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. त्यावर हक्काची नोंद छापायची राहून गेली, म्हणून तोही सगळ्यांच्या मालकीचा झाला. बेन नावाचा काळा माणूस, काम डुएन जोन्सचं. रात्रभर तो मुडद्यांशी झुंजतो, एकटा जगतो. सकाळी बंदुकवाले गोरे येतात, खिडकीत त्याला बघतात आणि गोळी घालतात. आकडे लावून त्याचं प्रेत ओढतात, मुडद्यांसोबत जाळतात. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली होती. ज्या ब्लॅक पँथरांचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं, त्यांचा हा काळ. त्या बंदुकवाल्यांना जिवंत काळा आणि मेलेला मुडदा यात फरक करायची गरजच वाटली नाही.

हे रोमेरोनं दाखवलं. मी त्याला मानतो. पण माझं एक भांडण आहे. त्यानं मालक काढून टाकला. त्याचे मुडदे आपोआप उठतात आणि माणसं खातात. राबवणारा गायब, राहिली नुसती गर्दी. आणि गर्दीला हसणं सोपं असतं. १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये मुडदे मॉलमध्ये भटकतात. शहाणी माणसं तेवढंच सांगत सुटतात: बघा, वस्तूंना हपापलेली जनता! त्याच सिनेमाच्या सुरुवातीची चाळ ते विसरतात. तिथं काळे आणि पोर्टो रिकोचे गरीब आपले मेलेले सरकारच्या हवाली करत नाहीत, तळघरात ठेवतात. मरणाला मान असतो म्हणून. पोलीस आत घुसून गोळ्या झाडतात. मेलेल्याच्या जागेसाठी भांडावं लागणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मॉल आठवतो आणि चाळ आठवत नाही, ही कुणाची आठवण?

रोमेरोला बहुतेक हे कळलं होतं. २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये मालक परत आला. उंच मनोऱ्यात श्रीमंत, खाली झोपड्या, कुंपणाबाहेर मुडदे. त्यांना गुंगवायला आभाळात आतषबाजी उडवतात. मुडदे वर बघत उभे राहतात आणि इकडं त्यांची गावं लुटली जातात. मग पेट्रोल पंपावरचा एक काळा मुडदा मान खाली घालतो. बाकीच्यांनाही तो ते शिकवतो. ते नदीच्या तळातून चालत मनोऱ्यापर्यंत पोचतात. ते बघताना मी शिट्टी मारली. शेजारी झोपलेली पोरं उठून बसली.

आता मिठाचं. हैतीत सांगतात, झोंबीला मीठ देऊ नये. जिभेवर मीठ पडलं की त्याला सगळं आठवतं आणि तो मालकाचं काम टाकून निघतो. म्हणून मालक त्याला अळणीच खाऊ घालतो. आपल्याकडं काय शिकवलं? खाल्ल्या मिठाला जागा. म्हणजे मालकाच्या दारात मान खाली घालून मरा. मीठ एकच, पण तिथं ते गुलामाला जागं करतं आणि इथं बांधून ठेवतं.

तेव्हा दोस्ता, पुढच्या सभेत आम्हाला खुशाल झोंबी म्हण. पण आधी राबवणाऱ्याचं नाव घे. आमच्या जिभेवर मीठ ठेवायची तुझी तयारी आहे का ते सांग. आणि सभेची वेळ ठरवताना पाळी किती वाजता सुटते, तेवढं विचारून घे.