जुने लुगडे आणि पटकीचे जंतू



पटकी मरीआईच्या कोपाने येत नाही, हे आपल्या वस्तीत आता सांगावे लागत नाही. (तरी एखादी आजी अजून हात जोडतेच!) पण पटकीच्या जंतूलाही वैरी असतात, हे ठाऊक आहे का?

पाण्यात सुटे पोहणारे हे जंतू त्याच पाण्यातल्या शेपटीवाल्या एकपेशीय जीवांचे भक्ष्य असतात. सुटे भराभर खाल्ले जातात. काहींना मात्र बुळबुळीत थर करून एकमेकांना चिकटून राहायची खोड असते. तो गोळा खाणाऱ्याला गिळवत नाही. मग तेच उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. 2005 साली शास्त्रज्ञांना प्रयोगात हेच दिसले. यात ना कुणाची इच्छा, ना कुणा निर्मात्याचा हात.

हे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगालाही चिकटतात, आणि तिथेच फसतात. सुटा जंतू कापडातून निसटतो, किडा अडकतो. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 65 खेड्यांत पाहणी केली. जिथे बायांनी साडीच्या चार ते आठ घड्यांतून पाणी गाळले, तिथे पटकी 48 टक्क्यांनी घटल्याचे 2003 साली प्रसिद्ध झाले. नव्यापेक्षा जुनी साडी सरस, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात, छिद्रे बारीक होतात.

पण निम्मा धोका उरतोच. म्हणून गाळलेले पाणी उकळा, आणि गाळणे धुऊन कडक उन्हात वाळवा.