भूत, बंगला आणि भोजनगृह

नेरळ स्टेशनावरून माथेरानकडे दृष्टी टाकिली असता डोंगराचा कडा व त्यावरील दाट झाडी एवढेच दिसते. त्या झाडीच्या पोटात शंभर-सव्वाशे वर्षांचे कित्येक बंगले उभे आहेत. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे हा डोंगर चढून आले; त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्रज अंमलदारांनी, आणि मागाहून मुंबईच्या पारशी व इतर धनिकांनी, येथे उन्हाळ्यासाठी घरे बांधिली. १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरून नेरळची लहान आगगाडी वर जाऊ लागली. पुढे काळ पालटला. घरांचे मालक बदलले, आणि त्यांपैकी पुष्कळ घरांची विश्रामगृहे व भोजनगृहे झाली. ज्या दालनात साहेबाचे मेज मांडिले जात असे, तेथे आता मुंबईहून आलेले एखादे कुटुंब थाळी मागविते.

जुन्या घराचे भोजनगृह झाले की त्याच्या पाठोपाठ बहुधा एक भूतही येते. रात्री जिन्यावर बुटांचा आवाज होतो, बंद खोलीतील खुर्ची हलते, व्हरांड्यात पांढरी आकृती उभी राहते, अशा कथा सुटीवरून परत आलेले विद्यार्थी वर्गात मोठ्या रंगाने सांगतात. ऐकणाऱ्यांचे लागलीच दोन पक्ष होतात. एक म्हणतो, "असेल बुवा, सांगता येत नाही." दुसरा म्हणतो, "सगळ्या थापा आहेत." आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी होत. पहिला विश्वास ठेवून मोकळा होतो, दुसरा हसून मोकळा होतो. चौकशी मात्र कोणीच करीत नाही. आणि चौकशी न केल्याने जे नुकसान होते, ते एकदा जिवंत माणसांचे होते व एकदा मेलेल्यांचे होते, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जिवंतांचे पाहू. अमेरिकेतील नेत्रवैद्य विल्मर यांनी १९२१ साली एका वैद्यकीय मासिकात एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. हे कुटुंब १९१२ साली एका मोठ्या जुन्या घरात राहावयास गेले. थोड्याच दिवसांत घरातील मंडळींस रात्री पावले वाजल्याचा भास होऊ लागला; कोणीतरी मागून येत आहे, कोणीतरी बिछान्याशी उभे आहे, असे वाटू लागले. मुले निस्तेज झाली, डोकी दुखू लागली, कुंड्यांतील झाडेही सुकू लागली. अखेर घर तपासले, तेव्हा तळघरातील भट्टी बिघडलेली निघाली. तिचा धूर धुराड्यातून बाहेर न जाता खोल्यांत पसरत होता. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग ना वास. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो, आणि मेंदूस प्राणवायू कमी पडला म्हणजे मनुष्यास नाही नाही ते भास होतात. भट्टी दुरुस्त होताच भूतही गेले.

आता वाचकांनी विचार करावा. त्या कुटुंबाने मांत्रिक आणिला असता तर काय झाले असते? आणि शेजाऱ्यांनी "भित्रे कुठले!" म्हणून हसण्यावारी नेले असते तर काय झाले असते? दोन्ही मार्गांचा शेवट एखादे दिवशी सर्व कुटुंब अंथरुणातच मृत सापडण्यात झाला असता. जुन्या बंगल्याचे भोजनगृह करिताना मागे भटारखाना वाढविला जातो, कोळशाच्या शेगड्या व तंदूर पेटतात, वीज गेली की जनित्र चालू होते, आणि पावसाळ्यात धुके आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या जातात. अशा ठिकाणी कोणास रात्री छातीवर ओझे व डोक्यात घण वाटू लागला, तर मुंज्याचा शोध करण्यापूर्वी शेगडीचा शोध केला पाहिजे.

दुसरे उदाहरण इंग्लंडातील. तेथील विक टँडी नामक यंत्रशास्त्रज्ञ ज्या प्रयोगशाळेत काम करीत, ती झपाटलेली आहे अशी वदंता होती. एके रात्री त्यांसही घाम फुटला व डोळ्याच्या कडेस करडी आकृती दिसली. दुसरे दिवशी तलवारीच्या खेळातील आपले पाते त्यांनी पकडीत बसविले असता ते आपोआप थरथरू लागले. एवढ्यावरून त्यांनी माग काढला. नव्याने बसविलेला हवा खेचणारा पंखा सेकंदास सुमारे १९ कंपनांचा नाद उत्पन्न करीत होता. इतका खालचा नाद मनुष्याच्या कानास ऐकू येत नाही, पण शरीरास त्याचा उपद्रव होऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंख्याची बैठक बदलताच तो प्रकार थांबला. ही हकीकत त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. हेच कारण प्रत्येक घरास लागू पडेल असे नाही; परंतु जेथे भटारखान्याचा पंखा अहोरात्र घुमत असतो, तेथे हा प्रश्न विचारण्यासारखा नाही काय?

पुढे रिचर्ड वाइजमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडननजीकचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरोच्या पुलाखालची जुनी तळघरे येथे शेकडो लोकांस फिरविले, आणि कोणास कोठे काय वाटले ते लिहून घेतले. त्याचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. लोकांस विचित्र अनुभव येत ते काही ठराविक जागीच येत. आणि त्या जागांचा संबंध उजेड, खोलीचा आकार इत्यादी गोष्टींशी जुळत होता. तात्पर्य, लोक खोटे बोलत नव्हते. त्यांस खरोखरच काहीतरी जाणवत होते. मात्र जे जाणवले त्यास त्यांनी नाव चुकीचे दिले होते. भूत पाहिल्याचे सांगणाऱ्यास लबाड म्हणू नये, ते याचकरिता. तो साक्षीदार आहे. साक्ष ऐकावी आणि मग तपासावी.

आमच्या डोंगरावर तर तपासण्यास पुष्कळ आहे. दिवसा तापलेले पत्रे व लाकडी तुळया रात्री थंड होऊन आकसतात व कडाडतात. कौलांवरून उदमांजर धावले म्हणजे मनुष्याच्या पावलांचा भास होतो. गव्हाणी घुबडाचा चीत्कार ज्याने मध्यरात्री ऐकला असेल, त्यास पांढऱ्या आकृतीचा उलगडा वेगळा सांगावयास नको.

आता मेलेल्यांकडे वळू. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाविषयी एक कथा घरोघर ठाऊक आहे. कोणा इंग्रज शिल्पकाराने नकाशे काढिले व तो विलायतेस गेला; परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, समुद्राकडे पाठ व शहराकडे तोंड. त्या दुःखाने त्याने आत्महत्या केली व त्याचे भूत तेथे फिरते! कथा रम्य आहे. परंतु इतिहास काय सांगतो? जमशेटजी टाटा यांच्या या इमारतीचे शिल्पकार सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा हे होत. वैद्य १९०० साली वारले व उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज शिल्पकाराने पुरे केले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. दार शहराच्या बाजूस होते, कारण पाहुण्यांच्या गाड्या त्या बाजूने येत. ज्याने स्वतः इमारत पुरी केली, तो ती पाहून अखेरीस दचकेल कसा?

परंतु या कथेतील खरा अपराध तिच्या खोटेपणाहून मोठा आहे. वैद्य या मराठी शिल्पकाराचे नाव आज किती मराठी मुलांस ठाऊक आहे? जे इंग्रजाचे भूत कधी झालेच नाही ते शंभरांस ठाऊक. ज्याने बुद्धी वेचून ती वास्तू कल्पिली, तो दहांसही ठाऊक नाही. भुताने खऱ्या मनुष्याची जागा बळकाविली. माथेरानच्या कथांतही हेच दिसते. भूत व्हावयाचे तर साहेबाचे किंवा मडमेचे! ज्या ठाकर, कातकरी व धनगर बांधवांनी हा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या तुडविला, ओझी वर चढविली, त्यांच्यापैकी कोणाची आठवण कोणी ठेवीत नाही. याच माथेरानात १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांजसह गोळीस बळी पडले. हे खरे मृत. यांस कोणत्याही जिन्यावर बूट वाजविण्याची गरज नाही. त्यांचे ऋण आमच्यावर आहेच.

कोणी म्हणतील, गिऱ्हाइकास चार घटका मौज वाटते, दोन पैसे अधिक मिळतात, यात बिघडले काय? बिघडते ते असे. गिऱ्हाईक जेवून, शहारून, हसून निघून जाते. पण भांडी घासणारा वाडीवरचा मुलगा रात्री त्याच मागल्या खोलीत निजतो. ती भीती घेऊन तो घरी जातो, आणि पुढे त्यास ताप आला तर दवाखान्याआधी भगताचे दार ठोठावले जाते. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने अपराध ठरला आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाला. एवढे मोल देऊन मिळालेली गोष्ट चार थाळ्यांच्या विक्रीकरिता उधळणे शोभत नाही.

आमच्या ख्रिस्ती वाचकांपैकी काहींस अशी चौकशी श्रद्धेस बाधक वाटते. त्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडून पाहावा. पुनरुत्थित प्रभूस पाहून शिष्य भ्याले. आपण भूत पाहत आहो असे त्यांस वाटले. प्रभूने त्यांस दटावून गप्प बसविले नाही. आपले हातपाय पुढे केले, चाचपून पाहावयास सांगितले, आणि त्यांच्यादेखत भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. ज्या धन्याने आपल्याविषयीची शंकादेखील हाताने तपासू दिली, त्याच्या शिष्यांनी जिन्यावरील आवाजास भ्यावे, हे विपरीत होय.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुढल्या सुटीत कोणी भूतकथा सांगितली तर हसू नका आणि कापूही नका. वही काढा. ज्याने पाहिले त्याच्याच तोंडून ऐका. त्याच्या मावसभावाच्या मित्राकडून नव्हे. वेळ, जागा, वारा, उजेड लिहा. जवळ शेगडी, पंखा, जनित्र काय आहे ते पाहा, आणि धुराचा संशय येताच खिडक्या उघडून प्रथम माणसे बाहेर काढा. मग घराचा इतिहास शोधा. मिळकतीचे उतारे आहेत, मृत्यूची नोंदवही आहे, आणि १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात माथेरानचे विस्तृत वर्णन आहे. कथेतील मडम खरोखर होती काय, मेली तर केव्हा व कशाने, हे प्रथम पाहा. पालकांसही आमची विनंती आहे की मुलाने असे प्रश्न विचारिले तर "रात्रीचे असले बोलू नये" म्हणून त्यास दडपू नये. काळोखास भिऊन प्रश्न गिळणारे मूल उद्या दिवसाढवळ्याही प्रश्न गिळील.

जुनी घरे टिकावीत, त्यांत भोजनगृहे चालावीत, गावच्या हातांस काम मिळावे, याविषयी आमचे दुमत नाही. मात्र मालकाने भिंतीवर लावावयाचेच असेल तर घर कोणी बांधिले, कोणत्या साली बांधिले, आणि कोणाच्या श्रमाने दगड रचले गेले, ते लावावे. जिवंतांस निर्भय झोप आणि मृतांस त्यांचे खरे नाव, एवढे ज्या घराने दिले, त्या घरात जेवावयास बसताना कोणासही मागे वळून पाहण्याचे कारण उरणार नाही.