किरकोळ कोणासाठी?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडण्यात आलेल्या जनविश्वास विधेयकात कायदेभंगाच्या कित्येक लहान प्रकारांना पहिल्या वेळी केवळ समज अथवा इशारा देऊन सोडण्याची कल्पना होती. एकूण दहा कायद्यांतील ७६ अपराधांना ही सवलत सुचविलेली होती. विधेयकाच्या कक्षेत आलेल्या कायद्यांत वजनमापांचा कायदा होता, तसाच मोटार वाहन कायदाही होता. त्याआधी २०२३ साली याच नावाच्या कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य केल्या होत्या. लहान चुकीसाठी माणसाला तुरुंग दाखवू नये, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. ज्यांचे निम्मे आयुष्य कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे ताटकळण्यात गेले, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या तत्त्वाला विरोध करण्याचे कारणच नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. चूक किरकोळ आहे हे ठरवायचे कोणी, आणि कोणाच्या जागी उभे राहून?

मोटारगाडीवर लिहिलेल्या अक्षरांचेच उदाहरण घेऊ. नागपूरच्या लकडगंजात आरामशिनींपुढे लाकडाचे ट्रक उभे राहतात. वस्तीच्या नावातच लाकूड आहे. अशा प्रत्येक ट्रकवर काही आकडे रंगविलेले असतात: गाडीचे रिकामे वजन, मालासह एकूण वजन, मालकाचे नाव. टायरच्या बाजूवर आणखी अक्षरे कोरलेली असतात: माप, भार पेलण्याची मर्यादा, हवेचा दाब, वेगाचे चिन्ह, आणि तो टायर कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात तयार झाला हे सांगणारा चार आकडी क्रमांक. दारातून जाणाऱ्यास ही सारी शोभेची अक्षरे वाटतात. पण मालाखाली खांदा देणाऱ्या हमालाला, रात्रभर गाडी हाकणाऱ्या चालकाला आणि रस्त्याच्या कडेला हवा भरणाऱ्या कारागिराला त्या यंत्राविषयी मिळणारी माहिती एवढीच. कारखान्यातील चाचणीचा अहवाल त्यांच्या हाती कधीच येत नाही. त्यांचा विश्वास असतो तो या अक्षरांवर.

ही अक्षरे चुकली तर काय करावे, याचा विचार अमेरिकेने पन्नास वर्षांपूर्वी केला. तेथील मोटारसुरक्षा कायदा १९६६ चा. १९७४ च्या दुरुस्तीने सदोष गाडी स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचे बंधन कारखानदारावर आले, आणि त्याच दुरुस्तीने एक खिडकीही उघडली. दोष सुरक्षेच्या दृष्टीने नगण्य आहे असे कारखानदाराचे म्हणणे असेल, तर त्याने तसा अर्ज करावा. अर्ज सरकारी राजपत्रात छापला जावा. लोकांना हरकत घेण्यास मुदत द्यावी. आणि मग सरकारी यंत्रणेने कारणांसह निर्णय द्यावा. टायरवर थरांची संख्या चुकीची कोरली गेली, तारखेचा साचा उलटा बसला, सूचनापट्टीवर एखादा शब्द गळला, अशा चुकांचे अर्ज तेथे नित्य येतात आणि त्यांतील बरेच मंजूरही होतात. आम्हाला त्यात गैर दिसत नाही. थरांचा आकडा चुकला म्हणून हजारो धडधाकट टायर भंगारात फेकणे हाही श्रमाचा अपव्ययच आहे.

या निर्णयांत एक कसोटी पुनःपुन्हा येते आणि ती आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. टायरवरील अक्षरांची चूक नगण्य आहे की नाही हे पाहताना ती यंत्रणा रस्त्यावरील गाडीच्या सुरक्षिततेबरोबरच टायर दुरुस्त करणाऱ्या, रिमोल्ड करणाऱ्या आणि जुने टायर मोडीत काढणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेचाही विचार करते. टायरच्या आत पोलादी तारा आहेत हे बाजूवर लिहिलेले नसेल, तर गाडीच्या मालकाला त्याने काही फरक पडणार नाही. पण जो माणूस तो टायर कापणार किंवा झिजलेल्या टायरवर नवे रबर चढविणार, त्याच्या हाताला आणि डोळ्याला फरक पडतो. भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणविणाऱ्या देशात हा विचार होतो आणि समाजवादी शब्द घटनेच्या उद्देशिकेत लिहून घेतलेल्या आमच्या देशात होत नाही, याची खंत वाटते.

अर्थात त्या खिडकीतून नको ते आत शिरविण्याचे प्रयत्नही तेथे झाले. टाकाटा कंपनीच्या हवापिशव्या फुटून त्यांचे धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसू लागले, त्या प्रकरणात जनरल मोटर्सने २०१६ पासून आपल्या गाड्यांतील दोष नगण्य ठरविण्याचे अर्ज केले. यंत्रणेने ते नोव्हेंबर २०२० मध्ये फेटाळले. प्रश्न सुमारे ५९ लाख गाड्यांचा होता. चार वर्षे ती माणसे त्याच गाड्यांतून फिरत राहिली. 'नगण्य' या शब्दाने कंपनीला किती वेळ विकत मिळू शकतो, हे यावरून दिसते.

आणि पट्टीवरचा एक आकडा किती भारी पडू शकतो याचे उदाहरण त्याहून जुने आहे. फोर्ड कंपनीने आपल्या एक्सप्लोरर गाडीवर टायरमध्ये दर चौरस इंचास २६ पौंड हवा भरावी असे लिहिले होते. फायरस्टोनने नंतर ३० पौंडांची शिफारस केली. कमी हवेचा टायर उन्हात, वेगात आणि ओझ्याखाली तापतो, त्याचे थर सुटतात. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनला ६५ लाख टायर परत घेण्याची घोषणा करावी लागली. त्या अपघातांत अमेरिकेत २७० हून अधिक माणसे दगावली. दोष टायरचा की गाडीचा यावर दोन्ही कंपन्या दीर्घकाळ भांडल्या. चार पौंडांचा हा फरक कारखान्याच्या चित्रशाळेत बसून पाहिला असता तर किरकोळच दिसला असता.

आता आपल्याकडे पाहू. सदोष गाड्या परत बोलाविण्याचा कायदेशीर अधिकार आपल्या सरकारला मिळाला तो २०१९ च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. तोवर २०१२ साली कारखानदारांच्या संघटनेने स्वतःच स्वतःसाठी केलेल्या आचारसंहितेवर सारे चालले होते. सूट देण्याचा अधिकार मात्र कायद्यात पूर्वीपासून आहे. कलम ११० अन्वये केंद्र सरकार कोणत्याही वर्गाच्या वाहनांना बांधणी व सुरक्षेच्या संपूर्ण प्रकरणातूनच मोकळे करू शकते. त्यासाठी अर्ज जाहीर करावा, लोकांची हरकत ऐकावी, अशी अट त्या कलमात नाही. नवे कलम १८२-अ पाहा. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या कारखानदारास वा विक्रेत्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड. मात्र विकताना त्याने तो दोष ग्राहकास सांगितला होता असे सिद्ध झाल्यास शिक्षा नाही. सांगितला होता म्हणजे कसा? दुकानात सही करून घेतलेल्या कागदांच्या चळतीत, बारीक इंग्रजी टायपात? आणि ज्याला तो सांगितलाच जाणे शक्य नाही त्या हमालाचे, त्या पादचाऱ्याचे काय? विकत घेणाऱ्याची संमती घेतली की रस्त्यावरच्या बाकीच्या माणसांचा प्रश्न संपला, असे हे गृहीत दिसते. त्याच कलमात थोडे खाली आले की मालकाने स्वतः गाडीत परस्पर बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड आहे. तेथे 'मी सांगितले होते' ही पळवाट नाही.

रस्त्यावरच्या माणसाची अक्षरे तर कधीच किरकोळ ठरत नाहीत. नंबरपट्टीवरील अक्षरांची उंची, जाडी, त्यांतले अंतर सारे मिलिमीटरात ठरलेले आहे. मोटारीसाठी उंची ६५, जाडी १०, अंतर १०. अक्षरे इंग्रजीच हवीत. ज्या राज्याची राजभाषा मराठी आहे तेथे देवनागरी अंकांची पट्टी हा अपराध आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या महाराष्ट्रातील प्रत्येक वाहनास उच्च सुरक्षा पट्टी बसविण्याची सक्ती झाली, तेव्हा दुचाकीवाल्याने ४५० रुपये, तीनचाकीवाल्याने ५०० आणि चारचाकीवाल्याने ७४५ रुपये, वर कर, असे मोजावयाचे होते. पट्ट्या बसविण्याची यंत्रणा अपुरी पडली आणि मार्च २०२५ ची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली, पण खर्च कोणी सोसायचा यावर कोणी चर्चाही केली नाही. २०१५ साली ट्रकच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' या तीन शब्दांवर परिवहन विभागाने बंदी घातली. बंदीचे कारण, विनाकारण भोंगे वाजतात हे, खोटे नव्हते. परंतु रंगाऱ्याच्या कुंचल्यावर जेवढी नजर आहे तेवढी कारखान्याच्या साच्यावर असती तर बरे झाले असते.

लाकडाच्या वाहतुकीत हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो. लाकडाचा सौदा घनमापाने होतो, धर्मकाट्यावर मात्र त्याचे वजन होते. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला सुमारे साडेसहाशे किलो धरतात. ताज्या तोडीचे ओले लाकूड त्याहून दोन-तीनशे किलोंनी सहज जड भरते. चंद्रपूर-गडचिरोलीकडून निघालेल्या वीस घनमीटर मालात हा फरक चार ते सहा टनांचा होतो. डोळ्यांना ढीग तेवढाच दिसतो. गाडी काट्यावर चढली की कलम १९४ अन्वये २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २००० रुपये. पाच टन अधिक भरले तर ३०,००० रुपये झाले, शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. तो उतरवतो कोण, हे सांगण्याची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला जे संरक्षण मिळाले ते रात्री दोन वाजता महामार्गावरील काट्यापर्यंत पोचत नाही. अतिभाराला आमचा पाठिंबा आहे असे कोणी समजू नये. अतिभार चालकाचाच जीव घेतो. पण माल किती ओला आहे हे जाणणारा व्यापारी आणि गाडीवरचा आकडा ठरविणारा कारखानदार दोघेही त्या वेळी झोपलेले असतात.

आणि हा आकडा तरी किती पक्का? १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आसांवरील अनुज्ञेय भार वाढविला गेला. तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. चारच दिवसांनी, २० जुलैला, मालवाहतूकदारांचा देशव्यापी संप सुरू व्हावयाचा होता. अभियांत्रिकी दृष्ट्या या वाढीचे समर्थन होऊ शकते. आधुनिक गाड्यांची बांधणी जुन्यांहून मजबूत आहे हे खरे. परंतु साडेतीन टनांचा फरक लेखणीच्या एका फटक्याने सुरक्षित ठरतो आणि पाचशे किलोंचा फरक गुन्हा ठरतो, तेव्हा चालकाने त्या आकड्याकडे विज्ञान म्हणून पाहावे की हुकूम म्हणून, असा प्रश्न पडतो.

भाषेचा मुद्दा याला जोडूनच येतो. २०१९ साली केंद्र सरकारने व्यावसायिक वाहनचालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्ण होण्याची अट काढून टाकली. निर्णय योग्य होता. हजारो गरीब, कसबी चालकांना त्या अटीने बाहेर ठेवले होते. पण ज्याला शाळेचा दाखला लागत नाही त्याच्या गाडीतील हवेचा दाब, भाराची मर्यादा आणि धोक्याच्या सूचना इंग्रजीतच राहिल्या. अक्षर बरोबर छापले आहे, फक्त ते वाचणाऱ्याला वाचता येत नाही. नियमाच्या दृष्टीने ही चूकच नव्हे. आम्ही तिला चूक मानतो, आणि उलट्या साच्यात छापलेल्या तारखेपेक्षा मोठी मानतो.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाल्यावर तेथे अपघातांची मालिका सुरू झाली. तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशावर टायरची तपासणी आरंभिली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठविल्या. मोटारींना १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या त्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचे वय आणि वेगाचे चिन्ह यांना खरोखरच महत्त्व आहे. 'जे' अक्षर १०० किलोमीटरचे, 'एल' १२० चे. हे सांगणारा अधिकारी तेथे उभा राहतो ही चांगली गोष्ट आहे. पण तो गाडी परत पाठवितो, कारखान्याला पत्र पाठवीत नाही. एखाद्या टायरवर ही चिन्हे पुसट किंवा चुकीची असतील तर ती नोंद कोठे करावयाची, याची खिडकी त्या नाक्यावर नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारचाच अहवाल सांगतो. चुकीच्या पट्टीमुळे त्यांतील किती गेली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, कारण पट्टीची चूक नोंदलीच जात नाही. म्हणून आमची मागणी सूट बंद करा अशी नाही. कारखानदाराला आपली चूक किरकोळ वाटत असेल तर त्याने तसा लेखी अर्ज करावा. तो राजपत्रात आणि मराठीसह राज्यभाषांतून प्रसिद्ध व्हावा. चालकांच्या, माथाडींच्या आणि टायर कारागिरांच्या संघटनांना हरकत घेण्यास किमान तीस दिवस मिळावेत. निर्णयाची कारणे छापली जावीत. नंबरपट्टीवर दोन मिलिमीटर चुकलेल्या रिक्षावाल्यालाही पहिल्या वेळी तीच समज मिळावी जी कारखान्याला मिळणार आहे. कलम १८२-अ मधील 'सांगितले होते' ही पळवाट काढावी, किंवा निदान ती गाडीच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या सूचनेपुरती मर्यादित करावी. रस्ते वाहतूक खाते २०१४ पासून नागपूरच्याच खासदाराकडे आहे. लकडगंजातून हे निवेदन घेऊन जाणाऱ्यांना फार लांबचा प्रवास करावा लागणार नाही.